इंजिन तापते, पण केव्हा तापते?

धानाच्या पट्ट्यात रोवणीचे दिवस आले की एक तक्रार हमखास कानी येते. ट्रॅक्टर जुना आहे, बांधीत चार-सहा फेरे झाले की रेडिएटरमधून वाफ निघू लागते, मग तो धुऱ्यावर उभा करून पाणी ओतावे लागते आणि अर्धा तास वाया जातो. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी काय किंवा वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा काय, तक्रारीचे शब्दही बहुधा तेच असतात. ‘यावर काय केले?’ असे विचारल्यास मिळणारे उत्तरही ठरलेले आहे : “साहेब, इंजिन जुने झाले, ते तापायचेच.”

या उत्तराशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. इंजिन जुने झाले म्हणजे त्याचे तेल जास्त जळेल, धूर वाढेल, जोर थोडा कमी पडेल. परंतु ज्या दिवशी ते कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी त्याला थंड ठेवण्याची जी व्यवस्था होती, ती शाबूत असेल तर पंचवीस-तीस वर्षांचे इंजिनही उकळता कामा नये. ते उकळते याचा अर्थ त्या व्यवस्थेतील एखादा दुवा निखळला आहे. तो कोणता, हे शोधण्याचा मार्ग पाना-पेचकस हाती घेण्यापूर्वी सुरू होतो. इंजिन केव्हा तापते, हा पहिला प्रश्न होय. आणि नेमका तोच प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही.

काही शेतकरी सर्व दोष उन्हावर टाकतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत. आता हिशेब पाहा. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर आहे असे धरू. हिवाळ्यात बाहेरची हवा २५ अंश असेल तर दोहोंतील अंतर ७० अंशांचे. मे महिन्यात हवा ४७ अंश झाली की हेच अंतर ४८ अंशांवर येते. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती या अंतराच्या प्रमाणात. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळजवळ एकतृतीयांश कमी काम देतो. कारखानदाराने ही तूट धरूनच रेडिएटर मोठा ठेवलेला असतो. परंतु त्याच्या नळ्यांचा तिसरा हिस्सा आतून क्षारांनी भरला असेल, तर जानेवारीत काहीच जाणवत नाही आणि मे महिन्यात इंजिन उकळते. दोष कित्येक दिवसांपासून होताच, उन्हाने तो उघडकीस आणला इतकेच.

चिखलणीची गोष्ट याहून वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये हवा उन्हाळ्याइतकी तापलेली नसते. पण ट्रॅक्टर लोखंडी चाके लावून, खालच्या गिअरमध्ये, पूर्ण जोरावर आणि बैलाच्या चालीने चालतो. समोरून वारा लागत नाही. सारी भिस्त पंख्यावर आणि पाण्याच्या फिरण्यावर असते.

याबाबतीत मूल तालुक्यात पाहिलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर स्वतःची रोवणी आटोपून आसपासच्या दहा-बारा घरांच्या बांध्यांत ताशी भाड्याने चिखलणी करीत असे. तो ऐन हंगामात तापू लागला. मिस्त्रीने प्रथम थर्मोस्टॅट काढून फेकला. फरक पडला नाही. मग वॉटर पंप बदलला. तरीही नाही. शेवटी नवा रेडिएटर बसविला आणि त्यासाठी शेतकऱ्याने हातउसने पैसे घेतले. ट्रॅक्टर बांधीत उतरला आणि पुन्हा उकळला. आठ दिवस गेले. पऱ्हे वाढून गेले. एकवीस ते पंचवीस दिवसांचे रोप लावावयाचे, ते महिन्यापलीकडे गेले की फुटवे कमी येतात, हे धान पिकविणाऱ्यास सांगावयास नको. तोटा एका घराचा नव्हता, त्या ट्रॅक्टरची वाट पाहणाऱ्या सर्व घरांचा होता.

दोष अखेर सापडला तो इंजिन सुरू ठेवून नुसते पाहिल्यामुळे. ट्रॅक्टर उभा असताना आणि सावकाश चालू असताना सर्व ठीक दिसे. वेग वाढविताच रेडिएटरच्या खालच्या बाजूची रबरी नळी आत ओढली जाऊन चपटी होई. पंप त्या नळीतून पाणी ओढतो. नळी मऊ पडू नये म्हणून तिच्या आत तारेची स्प्रिंग असते, ती गंजून तुटली होती. नळी चपटी झाली की पाणी फिरणे बंद. गाडीच्या सर्व सुट्या भागांत जो बहुधा सर्वांत स्वस्त, त्यासाठी सर्वांत महाग भाग बदलला गेला होता. मिस्त्री अडाणी होता असे मुळीच नाही. ‘केव्हा तापतो?’ हे त्याने विचारले नव्हते आणि शेतकऱ्याने सांगितले नव्हते.

हा प्रश्न विचारल्याने किती वाट मोकळी होते ते पाहावे. उभे असताना किंवा संथ कामात तापते, पण रस्त्यावर वेगाने धावताना काटा खाली येतो, तर वाऱ्याचा दोष समजावा : पंख्याचा पट्टा सैल, पंख्याभोवतीचे आवरण निघालेले, अथवा रेडिएटरची जाळी बाहेरून बुजलेली. आपल्याकडे हे शेवटचे कारण फार आढळते. मळणीच्या वेळी उडणारा कोंडा व तणसाची कुसे जाळीत अडकतात, त्यावर चिखलणीचा चिखल बसतो, आणि समोरून पाहिले तर विशेष काही दिसत नाही. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने पुढे मारावी व ती हलकीच ठेवावी. जोराची धार पत्र्याच्या पातळ पाकळ्या वाकवते. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून फार दबल्यास तो घसरतो, पंखा व पंप दोन्ही मंद होतात.

याउलट ओझे पडले किंवा वेग वाढला की तापते, तर पाण्याच्या वाटेकडे पाहावे. वरची नळी चटका देणारी आणि खालची जवळजवळ थंड असेल तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबला आहे. मात्र हात लावताना पंख्यापासून दूर राहावे. सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा चढत असेल तर थर्मोस्टॅट मिटूनच अडकला असण्याचा संभव आहे. आणि गळती कोठेही दिसत नसून पाणी रोज कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट थर दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेली असे समजून इंजिन त्याच दिवशी थांबवावे. यात चालढकल केल्यास हेड वाकते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

थर्मोस्टॅटविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण तो काढून टाकण्याची रूढी खेडोपाडी पडली आहे. ही लहानशी झडप मेणाच्या फुगण्यावर चालते व बऱ्याच जुन्या इंजिनांत ८० अंशांच्या आसपास उघडते. ती काढली की इंजिन थंडच राहते, डिझेल पुरते जळत नाही, ते तेलात उतरते व सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर झडप नसल्यास पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने पुन्हा इंजिनातच फिरते आणि तापणे उलट वाढते. शंका असेल तर झडप दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगून ते चुलीवर तापवावे. पाणी उकळण्यापूर्वी ती उघडली तर चांगली. न उघडल्यास नवी घालावी.

आता पाण्याविषयी. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे घरच्या तपेल्याला जशी पांढरी पपडी धरते तशी ती इंजिनात धरविणे होय. पाणी कमी झाले की तेच पाणी पुन्हा ओतायचे, म्हणजे प्रत्येक डब्यागणिक नवी पपडी. शक्य असेल तेथे कूलंट शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे घालावे. ते न परवडल्यास पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन मग पन्हाळीचे स्वच्छ पाणी साठवावे, किंवा पाणी उकळून, निवू देऊन, वरचे तेवढे घ्यावे. पाण्याचा डबा सोबत बाळगणे योग्यच आहे. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना जंगलात गाडी उभी राहिली तर दुसरा आधार नसतो. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून विकासाच्या कामाला जीप जोडली गेली आणि जीपला पाण्याचा डबा. पण डबा हा उपचार झाला असे मानण्याची सवय मात्र सुटावयास हवी.

एका बाबतीत तडजोड नको. तापलेल्या रेडिएटरची टोपी उघडू नये. ती दाब धरून ठेवते, म्हणूनच आतील पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. टोपी सैल होताच ते एकदम वाफ होऊन तोंडावर व हातांवर येते. निदान अर्धा तास थांबावे, मग गोणपाट टाकून सावकाश फिरवावी. पाणी शिल्लक असून काटा चढला असेल तर ओझे काढून इंजिन मंद चालू ठेवावे, म्हणजे पंखा व पंप त्याला निवू देतात. पट्टा तुटला वा नळी फुटली असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. कोरड्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जातो.

नव्या यंत्रांची माहिती देण्यास आपली पत्रके नेहमी तत्पर असतात. परंतु धानाच्या पट्ट्यातील लहान शेतकऱ्याची चिखलणी बऱ्याच ठिकाणी जुना, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा ट्रॅक्टरच करतो, आणि त्याविषयी सांगणारे कोणी नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात एक दिवस ठरवून गावातील सर्व जुने ट्रॅक्टर व पाण्याची इंजिने एका झाडाखाली आणावीत. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारे विद्यार्थी बोलाविल्यास त्यांनाही हाताला काम मिळेल. नळ्या दाबून पाहणे, पट्टा तपासणे, जाळी धुणे यास प्रत्येकी अर्धा तास पुरतो. आणि प्रत्येक मालकास एक वही बाळगावयास सांगावे : कोणत्या दिवशी, कोणत्या कामात, सुरू केल्यापासून किती वेळाने काटा चढला आणि किती लिटर पाणी ओतले. मिस्त्रीकडे जाताना ती वही सोबत न्यावी आणि त्याने पाना उचलण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावी.