मोजून टाकलेली पावले

कापडबाजारातील माझ्या एका स्नेह्यांच्या पत्नीस फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याचे निदान झाले, तेव्हा घरच्यांनी मायेपोटी त्यांचे जिना चढणेच बंद केले. वर्षभरात स्वयंपाकघरापर्यंत जातानाही धाप लागू लागली. आजार बळावला की बसून स्नायू शिथिल झाले? बहुधा दोन्ही.

हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. फुफ्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद झाल्या की हृदयाची उजवी बाजू थकत जाते. श्रमाने मूर्च्छा येईल या भीतीने डॉक्टरही पूर्वी विश्रांतीच सांगत. जर्मनीतील हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. औषधे तीच ठेवून निम्म्यांना ३ आठवडे रुग्णालयात व पुढे १२ आठवडे घरी बेताचा व्यायाम दिला. सहा मिनिटांत चालून होणारे त्यांचे अंतर सरासरी ९६ मीटरने वाढले. उरलेल्यांचे १५ मीटरने घटले. आयुष्य बँकेत गेलेल्या मला हा ताळेबंद बोलका वाटला. रुग्ण थोडे होते, हे खरे. तथापि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनेही देखरेखीखालील व्यायामाची शिफारस केली आहे.

मात्र भुईकोट किल्ल्याजवळ पहाटे झपाझप चालणे म्हणजे हा व्यायाम नव्हे. औषधे लागू पडून प्रकृती स्थिरावल्यावर, नाडी व रक्तातील प्राणवायू मोजत तो आरंभावा लागतो. चक्कर आली वा छातीत दुखले की तत्काळ थांबायचे.

वहिनींनी डॉक्टरांच्या अनुमतीने तो सुरू केला आहे. परवा त्या पेढीवर चालत आल्या, वाटेत दोनदा बसून.