दारी झुलणारा हत्ती

धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील ग्रंथात पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे वर्णन आहे. यंत्राच्या घडणीचा सारा तपशील आपण हेतुपुरस्सर देत नाही, असेही ग्रंथकर्ता तेथे बजावतो. जुनी विमाने विकणारे कित्येक दलाल आजही हाच कित्ता गिरवतात, म्हणून या विषयाचा परामर्श घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

पवारांचे धार आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पात्या यांच्या भूमीवर आज कारखानदारी उभी आहे. धार जिल्ह्यातील पिथमपुरात वाहने व औषधे तयार होतात. देवासला नोटांचा सरकारी छापखाना आहे, किर्लोस्करांचे पंपही तेथे बनतात. नियमित विमानसेवा मात्र इंदूरहून. इंदूर ते पुणे हे हवाई अंतर सुमारे ५०० किलोमीटर. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे, सात-आठ प्रवाशांचे किंग एअर जातीचे विमान ते तास-सव्वा तासात तोडते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते. सकाळी निघून, कामे उरकून रात्री घरी परतण्याची सोय कोणाला नको? ही निकड खरी आहे. तिला श्रीमंती चोचले म्हणून हिणवणे आम्हास मान्य नाही.

परंतु दारी हत्ती झुलवणे सोपे, त्याला पोसणे कठीण. या विमानांच्या इंजिनांची समूळ दुरुस्ती साधारणपणे ३,६०० तासांनी करावी लागते. ३,००० तास चाललेली इंजिने घेऊन वर्षाला ३०० तास उड्डाण केले, तर दोनच वर्षांत हा प्रचंड खर्च मानगुटीवर बसतो. मग स्वस्ताई कोठे राहिली? वैमानिकांचे पगार, तंत्रज्ञ, निवारा व विमा यांचा खर्च विमान जमिनीवर असतानाही चालूच राहतो. देखभालीच्या नोंदवह्या अपुऱ्या असतील, तर असे विमान फुकटही महाग होय.

पैशाहून मोठी गोष्ट जिवाची. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेस निघाले असता उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ त्यांचे किंग एअर विमान खराब हवामानात कोसळले. आठ जण दगावले. मे २०२१ मध्ये रेमडेसिविर घेऊन आलेले मध्य प्रदेश सरकारचे याच घराण्यातील विमान ग्वाल्हेरला उतरताना अडथळ्यावर आदळले. माणसे बचावली, पण विमानाचा विमाच उतरवलेला नव्हता, हे मागाहून उघड झाले. सरकारची ही गत, तर एकट्यादुकट्या कारखानदाराने किती सावध असावे!

आमचे सांगणे एवढेच : विक्रेत्याशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून इंजिने, पंखे व नोंदवह्या तपासून घेतल्याविना विसार देऊ नये. वर्षाला तितके उड्डाण होणार नसेल, तर विमान भाड्याने घ्यावे किंवा चार उद्योजकांनी मिळून बाळगावे. आणि वैमानिकाने ‘आज नको’ म्हटले, तर मालकाने शब्द न काढता मोटारीत बसावे.

चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, मोपा २०२३ मध्ये. आमच्या किनाऱ्यावरील उद्योजकांनाही हा मोह पडल्यावाचून राहणार नाही. त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की आषाढातले ढग कोणाच्या बैठकीची वेळ पाहून विरत नाहीत.