पेल्याचा गुन्हा कोणता?

बंगळुरात बदलून आलेल्या मराठी सरकारी सेवकास पहिल्या महिन्यात दोन गोष्टी कळतात. एक, येथील भाड्यापुढे घरभाडेभत्ता लाजतो. आणि दुसरी, संध्याकाळी इंदिरानगरातून चालताना काचेआड जी चकचकीत पिंपे दिसतात, ती बिअरची असतात. 2010 नंतर या शहरात जागच्या जागी बिअर तयार करून तेथेच विकणारी अशी अनेक ठिकाणे निघाली. लोक मित्रांसह, पत्नीसह तेथे जातात, जेवतात, एखादा पेला घेतात आणि घरी परततात. केंद्र सरकारचा सेवक मात्र दाराशी घुटमळतो, ओळखीचे कोणी आहे काय ते पाहतो आणि पुढे चालू लागतो. त्याच्या या घुटमळण्याविषयीच आम्हांस आज लिहावयाचे आहे.

केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 यांतील 22 वा नियम मद्यासंबंधी आहे. त्यातील बहुतेक अटी शहाणपणाच्या आहेत. ज्या प्रदेशात असू तेथील मद्यविषयक कायदा पाळावा. कामावर नशेत असू नये. नशेच्या अवस्थेत लोकांपुढे येऊ नये. अतिरेक करू नये. यांतील एकीविरुद्धही आमचा शब्द नाही. परंतु त्यांच्याच पंक्तीस आणखी एक अट बसविली आहे: सार्वजनिक ठिकाणी मद्य घेऊच नये. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय? तर पैसे देऊन वा न देता जेथे लोकांना प्रवेश आहे अशी कोणतीही जागा, वाहनसुद्धा. म्हणजे परवाना असलेल्या उपाहारगृहात जेवणाबरोबर शांतपणे घेतलेला एक पेला आणि भर रस्त्यात घातलेला धिंगाणा, ही दोन्ही एकाच नियमाची पापे!

बरे, बाहेर नको तर घरी करावी, असे कोणी म्हणेल. तेथे राज्याचा अबकारी कायदा उभा आहे. कर्नाटकाच्या 1965 च्या अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही, आणि तो परवाना गृहस्थासाठी नसतो. उरले काय? कारखान्याची बाटली आणावी, खोलीचे दार लावावे आणि एकट्याने रिती करावी. ही गोष्ट मात्र कोणत्याही नियमात अडत नाही. संयम शिकविण्याची ही कोणती रीत?

घरी बिअर करणे ही काही राक्षसी विद्या नव्हे. आम्ही ती केलेली नाही, केवळ वाचली आहे; शपथेवर विचारले तरी हेच सांगू. आपल्या घरात बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात आणि सावलीत वाळवतात. जवाचे असेच केले की त्यास मॉल्ट म्हणतात. तो भरडून सुमारे 65 ते 67 अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवला म्हणजे धान्यातील पिठूळपणाची साखर होते. तो गोड काढा गाळून, हॉप नावाच्या वेलीची फुले घालून तासभर उकळावा, त्वरित निववावा आणि त्यात यीस्ट सोडावे. पुढील आठवडा-दोन आठवडे यीस्टचे काम. त्यास 18 ते 22 अंशांची हवा मानवते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात ती वर्षाचे काही महिने फुकट मिळते. यास लागते ते स्वच्छ भांडे आणि धीर. ज्याला एका पेल्यासाठी महिनाभर वाट पाहावी लागते, तो तो पेला घटाघटा पीत नाही.

अन्नाचेही तेच. धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर आमच्या कोथिंबीरवडीची सख्खी बहीण शोभेल. काळपट भाजलेल्या मॉल्टची कडसर बिअर भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाशी जमते. उलट हॉपचा फार कडूपणा मिसळीचा तिखटपणा अधिकच भडकवितो. जो असा विचार करून जेवतो, त्याचे लक्ष चवीवर असते, नशेवर नव्हे. आमचा नियम मात्र त्यालाच ताटावरून उठवितो.

राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाचा दाखला येथे दिला जाईल. दारूने बुडालेल्या संसारांचाही दिला जाईल. दोन्हींपुढे आम्ही नम्र आहोत, आणि जो मुळीच पीत नाही तो आम्हांहून सुखी, हेही मान्य करतो. परंतु 2015 साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने. घरच्या बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नाही आणि औद्योगिक रसायनही नाही. ब्रिटनने 1963 मध्ये घरच्या बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेने 1978 च्या कायद्याने प्रौढ व्यक्तीस स्वतःपुरती वर्षाला 100 गॅलन बिअर करण्याची मुभा दिली, विक्रीची नव्हे. आपल्याकडेही मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती मोहाची दारू गाळता येते. मोहाची गाळलेली चालते, तर जवाची आंबवलेली का नको?

आमच्या मागण्या दोनच. वर्तणूक नियमाने नशेला, अतिरेकाला आणि कामातील कसुरीला कठोर शासन करावे. परवाना असलेल्या जागी जेवणाबरोबर घेतलेल्या पेल्याला सोडून द्यावे. आणि राज्याने घरच्या वापरापुरत्या, विक्रीस मनाई असलेल्या थोड्या बिअरला मोकळीक द्यावी.

याच नियमावलीतील 9 वा नियम सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास मनाई करतो, याचे आम्हांस पूर्ण भान आहे. म्हणून ही टीका नव्हे, अर्ज समजावा. अर्जदार शुद्धीवर आहे. सरकारने त्याच्या पायांकडे पाहावे, ते लटपटत असतील तर खुशाल शिक्षा करावी. त्याच्या हातातील पेल्याकडे पाहून नव्हे.