दारातली भोकं

दिवाळीच्या सुट्टीत पोरगा घरी आला तो साडेसहा इंची स्पीकरची जोडी काखोटीला मारूनच. मंचरला घरापुढे आमची अकरा वर्षांची वॅगन आर उभी असते. गेल्या वर्षी एका दुकानात तिला नवा डेक बसवून घेतला, तेव्हा तिथल्या कारागिराने कंपनीचा कपलर सरळ कापला आणि वायरी पिळून चिकटपट्टी गुंडाळली. खड्डा लागला की डावी बाजू मुकी, पुढचा खड्डा लागला की पुन्हा बोलती. पैसे मोजून हे मिळणार असेल तर गाडी आपली आपणच बिघडवू, असं म्हणत आम्ही बापलेकांनी पाने काढले. घरचे वडीलधारे तात्या अंगणात खुर्ची टाकून बसले, देखरेखीला.

दाराचं पॅड ओढलं की क्लिपा टक टक तुटतात. आठातल्या तीन गेल्या. आत धुळीने माखलेलं प्लास्टिक, आणि त्यामागे कोपरापर्यंत हात जाईल एवढाली भोकं. सगळा घोटाळा या भोकांचा. स्पीकर पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. ती मागची लाट भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लाटेला गाठते, दोघी एकमेकींना खातात आणि पहिला बळी जातो तो बेसचा. मग बेस नाही म्हणून लोक डिकीत बाझूका, म्हणजे बेसचा नळकांडी स्पीकर, टाकतात, बाझूकाला अ‍ॅम्प्लिफायर लावतात, आणि भोकं तिथेच राहतात.

आम्ही बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची चिकट शीट डकवली आणि भोकं बुजवली. दाराच्या बुडाशी पाणी निथळायला ठेवलेली बारीक छिद्रं तेवढी मोकळी सोडायची, नाहीतर एका पावसाळ्यात दार कुजायला लागतं. आधी टिचकी मारली तर रॉकेलचा रिकामा डबा वाजायचा. आता भरलेल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. एवढ्या कामात आम्हाला सगळ्यात जास्त आनंद त्या टिचकीने दिला.

डेकच्या खोक्यावर ‘50 वॅट गुणिले 4’ असं ठसठशीत छापलेलं असतं. गाडी चालू असताना मिळतात साधारण 14 व्होल्ट, आणि स्पीकर 4 ओहमचा. शाळेतलं गणित मांडलं तर स्वच्छ आवाजाचे वीस-पंचवीस वॅट हाती लागतात. बाकीचे खोक्यावरच राहतात.

सगळं जोडून ढोलकी लावली. तमाशाचं नारायणगाव हाकेच्या अंतरावर असताना आवाजाची परीक्षा दुसऱ्या कशाने घ्यायची? चाट कडक वाजत होती, पण डाव्या पुडीचा घुमारा गायब. तात्या म्हणाले, “ढोलकीवाला एका हातानंच वाजवतोय का रे?” पोरग्याने भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला आणि स्पीकरच्या वायरींना टेकवला. डाव्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, उजव्याचा आत गेला. उजवीकडच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय, मग घुमारा उरणार कुठून?

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची आठवण झाली. 45 मीटर व्यासाच्या तीस डिश, पंचवीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेल्या. त्यांनी पकडलेल्या लहरी एकमेकींशी वेळेत जुळवल्या तरच आकाशातलं काही दिसतं. तीस डिश जुळवणारी माणसं शेजारी राहतात, आणि मला दोन दारं जुळवता येईनात.

एक ‘कुंईऽ’ मात्र उरली होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढायची. अल्टरनेटरचा गोंगाट. डेकची अर्थिंगची वायर रंग दिलेल्या बोल्टखाली आवळलेली निघाली. रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि कुंई गेली.

नटवण्याचा भाग लवकर आटोपला. या बाबतीत आपली हौस जुनी आहे. पोळ्याला शिंगांना हिंगूळ आणि शेंब्या, पाठीवर झूल. बैल गेले, हौस गाड्यांवर आली. 4141 चे आकडे वळवून ‘दादा’ केलेल्या नंबरप्लेटा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. हाय सिक्युरिटी प्लेटने त्या कलेचा घास घेतला. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच नाही म्हटलं. आम्ही फक्त पिवळे पडलेले हेडलाइट वॉटर पेपरने पाणी सोडत घासले, आधी हजार नंबर, मग दोन हजार, वर पॉलिश. उसाच्या कडेने रात्री जाताना बिबट्याचे डोळे वेळेवर चमकलेले बरे.

संध्याकाळी कळंबपर्यंत चक्कर मारली. दारं थरथरत नव्हती, काचा खडखडत नव्हत्या. तात्या पुढे बसले होते. त्यांनी खिशातून घुंगरमाळेचा एक तुकडा काढला. शर्यतीतल्या आमच्या शेवटच्या बैलाच्या गळ्यातला, पितळ काळं पडलेला. आरशाला बांधायला लागले. “तात्या, समोरचं दिसायला आडवं येईल, आणि वाजेलही,” मी म्हणालो.

“वाजायलाच बांधतोय.”

शेवटी तो हातात धरण्यावर तडजोड झाली. परत येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला घुंगरू वाजत राहिले, आणि मागच्या सीटवर पोरगा इक्वलायझरची कुठली पट्टी खाली केली की ते ऐकू येणार नाही, हे शोधत बसला.