स्वयंपाकघरातला संसार

प्रेमकथा म्हटली की अडथळा आलाच. कधी हट्टी बाप आडवा येतो, कधी जात, कधी पैसा. बासू चटर्जी यांच्या ‘पिया का घर’ (१९७२) मध्ये मात्र जागाच आडवी येते. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या मराठी चित्रपटावर बेतलेल्या या कथेत गावाकडच्या ऐसपैस घरात वाढलेली मालती (जया भादुरी) रामशी (अनिल धवन) लग्न करून मुंबईच्या चाळीत येते. घर माणसांनी गजबजलेले, त्यामुळे नव्या जोडप्याच्या वाट्याला रात्री स्वयंपाकघर येते. दोघांची ही तारांबळ पाहून आपण हसतो, पण ते हसू फार टिकत नाही. एकांत ही संसाराची मूलभूत गरज आहे, हे एकही भाषण न देता पटवून देणे, यातच मला या चित्रपटाचे मोठेपण दिसते.

हे साधते, कारण या घरात वाईट कुणीच नाही. सासू छळत नाही, सासरे पत्त्यांच्या डावात रमलेले, सगळ्यांचा सुनेवर जीव. जाच असता तर मालतीला भांडता तरी आले असते. मायेच्या माणसांपुढे गाऱ्हाणे कसे मांडायचे? ती घुसमट जया भादुरी संवादांपेक्षा नजरेतून अधिक पोचवतात. किशोरकुमारच्या आवाजातले आनंद बक्षींचे गाणेही सुख आणि दुःख एकाच संथ चालीत सांगते.

यावर आक्षेप असा, की शेवटी सुनेनेच जुळवून घ्यायचे आणि अडचणीला गोड मुलामा द्यायचा. तो अगदीच बिनबुडाचा नाही, कारण घर आहे तेवढेच राहते, बदलते ते मालतीचे मन. पण चित्रपट तिची तक्रार खोटी ठरवत नाही. तिची अवस्था पाहून संतापलेले तिचे काका (राजा परांजपे) तिला माहेरी न्यायला निघतात, तेव्हा मालती आणि रामला जागा व्हावी म्हणून घरातली माणसेच बाहेर पडायला तयार होतात. ते पाहून मालती थांबते. म्हणून तिचा निर्णय मला शरणागती वाटत नाही; इतरांनी आधी एक पाऊल मागे घेतलेले असते. प्रेमाने खोली मोठी होत नाही, हे चित्रपट लपवत नाही. लग्न ठरलेल्या प्रत्येक घराने तो एकत्र बसून पाहावा आणि नव्या जोडप्याला स्वतःची जागा कुठे मिळणार, हे लग्नाआधीच ठरवावे.