व्यायामाची मात्रा कोण ठरवणार?

"वैद्यराज, घरीच व्यायाम करू की जिम लावू?" हा प्रश्न अमरावती-अकोल्यातील चिकित्सालयांत आता नित्याचा झाला आहे. पूर्वी रुग्ण पथ्य विचारीत असे, आज तो त्यासोबत व्यायामाचे ठिकाणही विचारतो. जवाहर गेट परिसरातील दुकानदार असो वा अकोल्याच्या टिळक रोडवरील कापड व्यापारी, दिवसाचे दहा-बारा तास गादीवर काढून मेद आणि मधुमेह घेऊन आलेल्या या मंडळींना आपल्याकडून नेमके उत्तर हवे असते. आपण मात्र बहुधा आपापल्या आवडीप्रमाणे उत्तर देतो. ज्याला सूर्यनमस्काराचा अभिमान, तो घर सांगतो आणि ज्याचा मुलगा जिमला जातो, तो जिम सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच उलट्या क्रमाने विचारला जात आहे. औषध कोणते व मात्रा किती हे ठरण्यापूर्वी ते कोणत्या दुकानातून घ्यावे, असे विचारण्यासारखेच हे आहे.

आपल्या शास्त्राने व्यायामाला औषधाइतकेच काटेकोर स्थान दिले आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना शरीराची ती चेष्टा इष्ट, स्थैर्य देणारी व बलवर्धक असावी असे सांगून ती मात्रेने करावी, ही अटही लगेच घातली. वाग्भटांनी लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्त अग्नी, मेदाचा क्षय आणि घट्ट, सुविभक्त गात्रे ही त्याची फळे सांगितली आणि त्याच ओघात अतिव्यायामाने होणारे तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, कास, ज्वर, छर्दी हे विकारही मोजून दाखवले. अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम करावा, ही मर्यादा सर्वांना पाठ आहे. परंतु सुश्रुतांनी त्या अर्धशक्तीची लक्षणेही दिली आहेत, हे आपण रुग्णाला क्वचितच सांगतो. कपाळ, नाक, काख व सांधे यांना घाम येणे, तोंडाला कोरड पडणे, श्वास तोंडावाटे घ्यावासा वाटणे ही लक्षणे दिसली की थांबावे. याकरिता कोणत्याही यंत्राची गरज नाही. आधुनिक व्यायामशास्त्रातील बोलण्याची कसोटी जवळपास हेच सांगते. व्यायाम करताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये, इतपत श्रम मध्यम समजावेत, असा तो नियम आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. शेतात दिवसभर निंदण करणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाईचे श्रम म्हणजे व्याख्येतील व्यायाम नव्हे. ते इष्टही नाहीत आणि मात्रेतही नाहीत. तिला घर आणि जिम यांपैकी कशाचाच सल्ला नको, विश्रांती व स्निग्ध आहार यांचा हवा. एकाच गावातील दोन रुग्णांना एकच व्यायाम सांगणे किती अशास्त्रीय ठरते, हे यावरून ध्यानात यावे.

घर विरुद्ध जिम हा वाद आपल्या प्रांताला परका वाटण्याचे कारण नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंच्या पुढाकाराने उभे राहिले. याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. आखाड्यात जोर, बैठका, मुद्गल, जोडी, मल्लखांब यांची साधने सामुदायिक होती, परंतु मात्रा व्यक्तिगत होती. नव्या पोराने किती जोर मारायचे, कोणाशी लढायचे, कोणी आज हौद्यात उतरायचेच नाही, हे वस्ताद ठरवीत असे. अंगाला तेल चोळणे, व्यायामानंतर काही काळ थांबून स्नान करणे, पोट भरलेले असताना आखाड्यात न येणे, ही सारी दिनचर्या तेथे आपोआप पाळली जाई.

दुसरी परंपरा घरगुती व्यायामाची. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा पद्धतशीर प्रसार केला. स्वतः पंतप्रतिनिधी आरंभी सँडोच्या पद्धतीने, म्हणजे पाश्चात्त्य साधनांनी व्यायाम करीत असत. पुढे ते नमस्कारांकडे वळले. सतरंजीएवढी जागा, वेगळे साधन नको, स्त्री-पुरुष-मुले सर्वांना करता यावे, या गुणांमुळे नमस्कार घराघरांत पोहोचले. तेव्हा आखाडा आणि माजघर ही दोन्ही ठिकाणे आपलीच आहेत. मधल्या काळात आखाड्याची जागा वातानुकूलित जिमने घेतली, यंत्रे आली, आरसे आले. अनेक ठिकाणी वस्ताद मात्र हरवला. खरे नुकसान येथे झाले आहे.

आता दोन्हींचे गुणदोष निःपक्षपातीपणे पाहू. घरच्या व्यायामाचा पहिला गुण म्हणजे तो दिनचर्येत बसतो. पहाटे उठून शौच, अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन व स्नान हा क्रम घरीच साधतो. तेल लावून यंत्रावर बसता येत नाही, हे कोणीही मान्य करील. येण्याजाण्याचा वेळ लागत नाही, महिन्याचे शुल्क नाही, आणि अंधार पडल्यावर घराबाहेर पडण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांनाही तो करता येतो. दोष असा की, चुकलेली ढब दाखवून देणारा तेथे कोणी नसतो. गुडघा आत वळवून काढलेल्या बैठका वा कंबर झोकून मारलेले जोर वर्षभर चालले की रुग्ण संधिवाताची तक्रार घेऊन पुन्हा आपल्याच दारी येतो. शिवाय घरी सातत्य टिकत नाही. पाहुणे, सणवार, मुलांच्या परीक्षा, प्रत्येक कारण पुरते.

जिमचा मोठा गुण म्हणजे भार क्रमाने वाढवता येतो. वयाच्या चाळिशीनंतर मांस व बल घटत जाते, आणि केवळ फिरण्याने ते पुरेसे भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांसोबत किमान दोन दिवस स्नायूंना बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. छत्री तलावाला नेमाने फेऱ्या मारणाऱ्या साठीच्या गृहस्थांना हा दुसरा भाग कोणी सांगितलेलाच नसतो. चांगल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांना जिमचा निश्चित लाभ होईल. परंतु दिवसभर बैठे काम, सायंकाळी दुकानातच नाश्ता, रात्री आठला जिम आणि दहाला जेवण, असा क्रम ज्याचा आहे, तो अजीर्णावर व्यायाम आणि व्यायामावर गुरू भोजन करीत असतो. वाग्भटांनी अजीर्णी व्यक्तीला व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, हे त्याला कोण सांगणार?

यात आपल्या वऱ्हाडचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. अष्टांगहृदयातील ऋतुचर्या ग्रीष्मात व्यायाम टाळण्यास सांगते, तर शीतकाल व वसंत हा स्निग्धभोजी बलवानांनी अर्धशक्तीने व्यायाम करण्याचा काळ मानते. जिमचे सभासदत्व मात्र बारा महिन्यांचे असते, आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून मनुष्य वैशाखातही माघातलेच वजन उचलतो. ज्याचे शरीर दिवसभर उन्हात रापले आहे, त्याने संध्याकाळी बंद खोलीत घाम गाळणे म्हणजे क्षीण झालेल्या बलावर आणखी कर्ज काढणे होय. उन्हाळ्यात मात्रा निम्म्याहून कमी करावी, सूर्योदयापूर्वी आटोपावे, हे प्रत्येक रुग्णाला सांगणे आपले काम आहे.

२०२० साली टाळेबंदीने या वादाची एक परीक्षाच घेतली. राज्यातील जिम मार्चमध्ये बंद झाल्या, त्या ऑक्टोबरअखेर दसऱ्याच्या सुमारास उघडल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोल्यावर पुन्हा निर्बंध आले. ज्यांचा व्यायाम पूर्णपणे यंत्रांवर अवलंबून होता, त्यांचा तो दाराला कुलूप लागताच थांबला. ज्याला दहा नमस्कार आणि पंचवीस बैठका नीट येत होत्या, त्याचा नेम मात्र अडण्याचे कारण नव्हते. यातून घेण्याजोगा बोध इतकाच की, जिमला जाणाऱ्यालाही घरी करता येईल असा पायाभूत व्यायाम आला पाहिजे. पाया घरचा असावा, जिम ही वरची मजली.

याहून गंभीर गोष्ट औषधालयांशी संबंधित आहे, आणि त्याबद्दल आपसांत स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. जिमला जाणारा तरुण प्रथम पावडरचा डबा आणतो आणि नंतर 'आयुर्वेदिक काही द्या, साइड इफेक्ट नको' म्हणून आपल्या दुकानात येतो. त्याला अश्वगंधा, शिलाजीत, मुसळी यांचे चूर्ण प्रकृती, अग्नी व वय न पाहता दिले जाते. ज्याचा अग्नी मंद आहे, त्याला बृंहण द्रव्य दिल्याने बल वाढत नाही, आमच वाढतो. त्याहूनही भयंकर म्हणजे 'महिन्यात वजन वाढवा' अशा नावाने, निर्मात्याचा धड पत्ता नसलेली जी चूर्णे बाजारात फिरतात, त्यांत स्टिरॉइडसारख्या द्रव्यांची छुपी भेसळ असल्याचे वेळोवेळी आढळले आहे. चेहरा सुजून गोल झालेल्या पोराला पालक 'तब्येत सुधारली' म्हणतात, आणि चूर्ण अचानक बंद केल्यावर तो गळून जातो, तेव्हा बदनाम आयुर्वेद होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असेच सुचवले आहे. वऱ्हाडात तुरीचे वरण, हरभरा, शेंगदाणे, दूध, ताक यांची वाण नाही. परवाना क्रमांक व घटकद्रव्यांची नोंद नसलेला एकही डबा आपल्या फळीवर न ठेवणे, एवढा निर्धार जरी औषधालयचालकांनी केला, तरी फार मोठे काम होईल. विक्री थोडी घटेल, परंतु विश्वास वाढेल, आणि आपला धंदा शेवटी विश्वासावरच चालतो.

मग रुग्णाला उत्तर काय द्यावे? या लेखकाची सूचना अशी की, चिकित्सापत्रावर औषधाखाली व्यायामासाठी स्वतंत्र ओळ असावी. प्रकार, मात्रा, काळ, ऋतूनुसार बदल आणि निषेध एवढे तिच्यात यावे. प्रमेहाचेच उदाहरण घेऊ. चरकांनी स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे प्रमेहीचे दोन भेद करून चिकित्सा वेगळी सांगितली. सुश्रुतांनी वाढलेल्या प्रमेहात व्यायाम, कुस्ती, क्रीडा सांगितली आणि साधनहीन रुग्णाला शंभर योजने पायी चालण्यास वा विहीर खणण्यास सांगितले. साधन नाही म्हणून व्यायाम नाही, ही सबब आचार्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीच काढून टाकली! मात्र आजच्या रुग्णात भर घालावी लागते. ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याला अनवाणी चालवू नये. जो इन्शुलिन वा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतो, त्याने पहाटे रिकाम्या पोटी दीर्घ व्यायाम केल्यास रक्तातील साखर धोकादायक उतरू शकते, म्हणून त्याची वेळ व अल्पाहार त्याच्या डॉक्टरांच्या विचाराने ठरवावा. रक्तदाबाच्या रुग्णाने श्वास रोखून भार उचलू नये. चाळिशी ओलांडलेल्या, छातीत दाब वा चालताना दम जाणवणाऱ्या कोणालाही हृदयाची तपासणी झाल्याखेरीज जड व्यायामाची अनुमती देऊ नये. व्यायामानंतर लघवी काळपट झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, हेही सांगून ठेवावे.

ठिकाणाचा निर्णय त्यानंतर सहज होतो. स्थूल, बैठे काम करणारा, नवशिका व संकोची रुग्ण असेल, तर पहिले तीन महिने घर आणि मोकळे मैदान. वार्धक्याकडे झुकलेला, मांसक्षय झालेला, परंतु अग्नी चांगला असलेला असेल, तर देखरेख असलेली व्यायामशाळा. तरुण, बलवान व उत्साही असेल, तर जिम वा आखाडा, परंतु प्रशिक्षक कोण आहे, हे विचारूनच. अमरावतीसारख्या शहरात शारीरिक शिक्षणाचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे दुर्मीळ नाहीत. आपल्या भागातील दोन-तीन जाणत्या प्रशिक्षकांशी प्रत्येक वैद्याने परिचय करून घ्यावा, रुग्ण चिठ्ठीसह पाठवावा आणि महिन्याने नाडी, वजन, निद्रा व भूक यांची पुन्हा परीक्षा करावी. अभ्यंगासाठी तेल आपण सांगतो, उद्वर्तनासाठी चूर्ण आपण देतो. मग त्या दोहोंच्या मधला व्यायाम दुसऱ्या कोणाच्या अंदाजावर का सोडावा?

आखाड्यातून वस्ताद गेला, त्याची जागा आज रिकामी आहे. यंत्र ती भरू शकत नाही, भ्रमणध्वनीवरील चित्रफीतही नाही. मात्रा जाणणारा, प्रकृती ओळखणारा आणि 'आज थांब' असे सांगण्याचा अधिकार असलेला मनुष्य रुग्णाला हवा आहे. ते काम आपल्या शास्त्राने आपल्याकडेच सोपवलेले आहे. यंदाच्या शीतकालापासून प्रत्येक चिकित्सापत्रावर व्यायामाची ती एक ओळ लिहिण्यास आरंभ करू या.