विंचवाचं बिऱ्हाड

गेल्या शनिवारी साताऱ्याला गेले, तर चहाचा कप हातात यायच्या आत अण्णांनी विषय काढला. ‘‘त्या तुझ्या विंचवाचं काय करणारेस? कंपनीनं बिऱ्हाड उचललं. आता काढून टाक ती गाडी. तेवढाच फ्लॅटला हातभार.’’

विंचू म्हणजे माझी सेकंडहँड अबार्थ पुंटो. नाकावर विंचवाचा बिल्ला, कारण १९४९ मध्ये अबार्थ कंपनी काढणाऱ्या कार्लोसाहेबांची रास वृश्चिक!

मंडळी, मुळात पुंटो म्हणजे आपल्याकडे न चाललेलं नाणं. २००९ मध्ये आली, दिसायला एकदम झकास. पण लोक ‘ॲव्हरेज नाही, रिसेल नाही’ म्हणत स्विफ्ट घ्यायला जायचे. गंमत म्हणजे डिझेल स्विफ्टचं तेव्हाचं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचंच! सून नको, पण तिच्या हातचा स्वयंपाक हवा, असला प्रकार.

अशा या नावडतीला २०१५ च्या ऑक्टोबरात फियाटनं १.४ लिटरचं टर्बो इंजिन दिलं. १४५ बीएचपी, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. आणि बनायची कुठे, तर आपल्या रांजणगावात! पण औषध उशिरा आलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स लागू झालं, तोवर फियाटनं इथली विक्री आटोपली होती. त्याच कारखान्यात २०१७ पासून अमेरिकन जीप कंपास बनू लागली. नावडतीची खोली पाहुण्यांना दिली म्हणा ना.

तर सांगलीच्या मामानं गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. रविवारी सकाळी निघाले. कराड मागे टाकलं, पेठ नाक्याला हायवे सोडला आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. इथे टर्बो कळतो. एक्झॉस्टमधून वाया जाणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, जास्त हवेत जास्त पेट्रोल जळतं. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी पेंगुळलेली असते. त्याच्या वर गेली, की पाठ सीटला चिकटते! रस्ता मोकळा दिसला, गिअर खाली टाकला आणि ट्रॅक्टर आरशात गेला. स्पीड लिमिट न मोडताही मजा येते, बरं का.

सांगलीत गिऱ्हाइकानं गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. ‘‘ताई, गाडी एक नंबर हाय. पण उद्या माझ्याकडनं कोण घेणार?’’ आणि मग त्यानं जो आकडा सांगितला, तो ऐकून भडंग घशातच अडकलं.

तो गेल्यावर मामा म्हणाला, ‘‘चल, हरिपूरपर्यंत एक चक्कर मार.’’ जाताना गप्प होता. मामाची उभी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेलेली. येताना म्हणाला, ‘‘विकायच्या हळदीचा भाव गिऱ्हाईक ठरवतंय गं. घरात खायला ठेवलेल्या हळदीचा भाव कोण विचारतंय व्हय?’’

खरंच की! पुंटो नाकारणारे, माझे अण्णा, आजचं गिऱ्हाईक, सगळे जण पुढच्या गिऱ्हाइकाचाच विचार करत होते. चालवणाऱ्याचा कुणीच नाही. आपणही मोबाइल, फ्लॅट, कधीकधी करिअरसुद्धा रिसेल बघूनच निवडतो, नाही का?

अर्थात नुसत्या प्रेमानं गाडी चालत नाही. कंपनी शोरूम बंद करून गेली, की पार्ट शोधत फिरावं लागतं. म्हणून आता दरमहा तीन हजार वेगळे टाकायचे ठरवलंय, म्हणजे फ्लॅट थोडा लांबला. ऑइल वेळेवर बदलायचं. लांबून दामटून आलं, की लगेच चावी फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं, तापलेला टर्बो निवू द्यायचा.

रात्री साताऱ्यात पोचले. इंजिनाचा आवाज ओळखून अण्णांनी गेट उघडलं.

‘‘काय गं, गिऱ्हाईक नाही मिळालं?’’

‘‘मिळालं की अण्णा. मीच!’’